येथील कुशल तागायत : लष्करातल्या एका तारेवरची पत्रं

जुन्या मराठी घरातलं पोस्टकार्ड ओळखायची एक साधी खूण आहे. त्याच्या साधारण मधोमध भोक असतं. लाकडी चकतीत रोवलेली जाड तार, वरच्या टोकाला आकडा, आणि ती बैठकीच्या खुंटीला लटकवलेली. पत्र आलं, वाचून झालं, उत्तर गेलं, की ते तारेत खुपसायचं. पुणे, इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, कुठल्याही घरात ही तार असे. आमच्या मंडळाच्या बैठकीत लोक वाड्यांच्या सनदा, इनामाचे कागद मोठ्या हौसेनं आणतात. तार मात्र कुणी आणत नाही. "त्यात काय आहे? सगळे खुशालीचे कार्डं," असं म्हणतात. आमच्या घरची तार मी याच समजुतीनं पंधरा वर्षं माळ्यावर पडू दिली. त्या खुशालीत काय काय असतं आणि ते कसं वाचायचं, ते या लेखात लिहितो आहे.

आधी एक सूचना, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. तारेवरची पत्रं घाईनं काढू नका. सर्वांत जुनं तळाशी, नवं वर, असा तो आपोआप लागलेला क्रम असतो. मी वरची वीस-बावीस कार्डं गंजलेल्या तारेवरून ओढून काढली, टेबलावर पसरली, आणि मग लक्षात आलं की त्यातल्या निम्म्यांवरचे शिक्के वाचताच येत नाहीत. क्रम गेला तो गेला. उरलेल्यांना मग एकेक करून पेन्सिलीनं मागे आकडा घातला. आमच्या तारेवर १३८ कार्डं निघाली आणि मनीऑर्डरीची २३ कुपनं. बहुतेक सगळी वाईहून आलेली. माझी आजी वाईची. १९२६च्या वैशाखात लग्न होऊन ती लष्करात आली.

लष्कर म्हणजे ग्वाल्हेर शहराचाच एक भाग. १८१०च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली, ती उठलीच नाही, आणि तिचंच शहर झालं. म्हणजे गावाचं नावच मुळी घरापासून लांब आलेल्या माणसांवरून पडलेलं. तेव्हापासून इथलं प्रत्येक मराठी घर कुणाच्या तरी पत्राची वाट पाहत आलं आहे. लढायांची आणि कारभाराची पत्रं पुष्कळ टिकली. आपल्याच ग्वाल्हेरच्या आनंदराव भाऊ फाळके यांनी कोट्याच्या गुळगुळे दप्तरातली पत्रं 'शिंदेशाही इतिहासाची साधने' म्हणून छापून काढली. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा, आणि त्याचे कागद त्यांना मिळाले ते वाईतच. पण ती दौलतीची पत्रं. वाईच्या बापानं लष्करच्या लेकीला काय लिहिलं, ते छापायला कोण बसणार?

तरी घरगुती कार्डाचा सांगाडा आला तो त्या दौलतीच्या पत्रांतूनच. अठराव्या शतकातलं कुठलंही पत्र उघडा. नमस्कार-आशीर्वाद झाले की पहिलं वाक्य कुशलाचं असतं: येथील कुशल तागायत अमुक तिथी जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. हा 'तागायत' शब्द फार्सीतून आलेला, अर्थ 'पर्यंत'. पुढे पुढे त्याचं नुसतं 'ता.' झालं, आणि आज आपण ते 'तारीख' म्हणून वाचून पुढे सरकतो. पण लिहिणारा सांगत असे ते वेगळंच. इथे सगळं बरं आहे, पण या तिथीपर्यंतच बरं आहे. पुढचं मला ठाऊक नाही, कारण हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा कितीतरी दिवस उलटलेले असतील. जासूद-काशिदांच्या पायांवर चालणाऱ्या टपालात दुसरं काय लिहिणार? मला तर हे वाक्य फार प्रामाणिक वाटतं. आपण हल्ली 'मजेत' लिहितो तेव्हा केव्हापर्यंत मजेत, हे सांगायची गरजच उरलेली नाही.

ज्यांच्याकडे जासूद नव्हता त्यांचं काय होत असे, याचा नमुना आपल्या सगळ्यांच्या वाचनातला आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची बातमी कोकणापर्यंत पोचली होती. निघाले कर्ज फेडायला आणि सापडले बंडाच्या धामधुमीत, झाशीच्या वेढ्यातसुद्धा. 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापून आलं, आणि आपण ते राणीसाठी, लढाईसाठी वाचतो. मी मात्र हल्ली ते वाचताना वरसईला मागे राहिलेल्या आईबापांचा विचार करतो. मुलगा आहे की नाही, हेच कळायची सोय नाही. यज्ञाची बातमी ग्वाल्हेरहून वरसईला जाऊ शकत होती, एका भिक्षुकाच्या खुशालीची नाही.

हे बदललं ते पोस्टकार्डानं. १ जुलै १८७९ला सरकारनं पाव आण्याचं कार्ड काढलं. पुढच्याच वर्षी मनीऑर्डर पोस्टाकडे आली. १८८०च्या दशकाच्या शेवटाला झाशीकडून आगगाडी ग्वाल्हेरला पोचली. या तीन गोष्टी दहा वर्षांच्या आत झाल्या, आणि लष्करातल्या कारकुनाला दक्षिणेशी दर महिन्याला बोलणं परवडू लागलं. आजीच्या वेळेला कार्ड अर्ध्या आण्याचं झालं होतं, १९२२पासून.

इथे संस्थानाचा एक बारकावा आहे, तो कागद तपासणाऱ्यांना उपयोगी पडेल. ग्वाल्हेरनं १८८५ साली इंग्रज सरकारशी टपालाचा करार केला. तेव्हापासून इथे इंग्रजी तिकिटंच चालत, पण त्यांवर संस्थानाचं नाव इंग्रजीत आणि नागरीत छापलेलं असे. असं तिकीट लावून पत्र थेट ब्रिटिश मुलखात जाई. इंदूरचं तसं नव्हतं. होळकर सरकारनं १८८६ साली स्वतःची तिकिटं काढली, ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. त्यामुळे 'ग्वाल्हेर'चा छाप असलेलं कार्ड पुण्यात, वाईत, कोकणात कुठल्याही तारेवर सापडू शकतं. आणि हल्ली तिथेच गोची होते. तिकिटांचे शौकीन छाप बघून तेवढा कोपरा कापून नेतात. तिकिटाबरोबर पोस्टाचा शिक्का जातो, शिक्क्याबरोबर तारीख जाते, आणि उरतं ते कुणी कुणाला केव्हा लिहिलं याचा पत्ता नसलेलं चिटोरं. मला एका ओळखीच्या घरी असे सहा तुकडे दाखवले गेले. अक्षर सुंदर होतं.

शिक्के दोन असतात हे विसरू नका. एक टाकलं तिथला, एक वाटलं तिथला. दोन्ही वाचता आले तर पत्राला किती दिवस लागले ते कळतं. वाईचं कार्ड आधी वाठार स्टेशनावर, तिथून मीटरगेजनं पुण्याला, पुण्याहून कल्याण, मग भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी असं करत ग्वाल्हेरला येई. आमच्या तारेवर ज्यांचे दोन्ही शिक्के शाबूत आहेत, त्यांना चार ते सहा दिवस लागलेले दिसतात. माणसालाही तेवढंच अंतर कापायला दोन रात्री लागत आणि खर्च येई तो वेगळा. आजी पहिल्या सात वर्षांत माहेरी दोनदाच गेली: पहिल्या दिवाळसणाला आणि पहिल्या बाळंतपणाला.

आता मायन्याकडे येतो. शाळेत आपल्याला पत्रलेखनात दोन गुणांसाठी तो पाठ करायला लावला, म्हणून त्याची किंमत गेली. प्रत्यक्षात मायना म्हणजे घराची शिरगणती आहे. 'ती.' म्हणजे तीर्थरूप, वडीलधारे. 'चि.' म्हणजे चिरंजीव, लहान. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजेश्री. 'कृ. सा. न. वि. वि.' म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष, 'अ. उ. आ.' म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. बाईच्या नावामागची अक्षरं सगळ्यांत बोलकी. कुमारिका असताना 'चि. कु.', लग्न ठरलं की 'चि. सौ. कां.', लग्न झालं की 'चि. सौ.', आणि नवरा गेला की त्याच हातानं लिहिलेल्या पुढच्या पत्रात 'गं. भा.'. वंशावळ जुळवताना आपण जन्ममृत्यूच्या नोंदी शोधत हिंडतो. दोन कार्डांमध्ये एका बाईचं 'सौ.' जाऊन 'गं. भा.' आलेलं असेल, तर तिच्या नवऱ्याच्या मृत्यूची तारीख त्या दोन शिक्क्यांच्या मध्ये आहे. दुसरा पुरावा लागत नाही.

आजीच्या वडिलांची कार्डं मोडीत आहेत, पत्ता तेवढा बाळबोधात. आजीला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. कार्ड येई ते तिच्या सासऱ्यांच्या नावानं. वरचे आठ-दहा ओळी व्याह्यांना: साष्टांग नमस्कार, कुशल, पाऊसपाणी, कृष्णेला पूर आला की नाही, अमक्याच्या मुंजीचं. मग खाली, पत्त्याच्या रेघेला घासून, तीन-चार ओळी 'चि. सौ. ताईस'. त्या दीर मोठ्यानं वाचून दाखवत, चौकात, सगळ्यांसमोर. पोस्टकार्ड उघडं असतं, हे आपण विसरतो. डाकिया वाचतो, सासरा वाचतो, दीर वाचतो, आणि ऐकायला सासू असते. उत्तरही दीरच लिहून घेणार. अशा कार्डात मुलगी काय लिहिणार आणि बाप काय विचारणार?

म्हणून सगळं बोलणं त्या ठरीव ओळींतच व्हायचं. वाईच्या घरानं दहा वर्षांपूर्वी मला त्यांच्याकडची अकरा कार्डं दिली, लष्करहून गेलेली, छापाची, सुदैवानं न कापलेली. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात आजीच्या वाट्याच्या ओळींत एक मागणं आहे. येणाऱ्या माणसाबरोबर मेतकूट पाठवावे. कुळीथ पाठवावे. आमसुलं संपली. मी आधी समजलो, इकडे मिळत नसतील म्हणून. माझ्या आत्यानं हसून सांगितलं, "अरे, मेतकूट तर आई घरीच करायची. येणाऱ्या माणसाबरोबर, हे महत्त्वाचं. कुणी यावं, म्हणून." माणूस आला की बोलता येतं, आणि चौकात नाही, मागच्या पडवीत.

मनीऑर्डरीची कुपनं म्हणजे याच बोलण्याचा दुसरा पदर. भाऊबिजेला भाऊ एक रुपया पाठवी. अर्जाच्या खाली मजकुरासाठी बोटभर जागा असे. डाकिया पैसे मोजून देताना तेवढा तुकडा फाडून देई. त्या बोटभर जागेत मायना बसत नाही. त्यामुळे भाऊ एरवी जे लिहीत नसे ते तिथे लिहून जाई: दाढ दुखते, आंबा मोहरला, तुझी गाय व्याली. संक्रांतीला पाकिटातून चार दाणे हलव्याचे येत. पोस्टाचा ठोकळा वर बसला की त्यांचं पीठ होई, आणि आत्या म्हणते, ते पीठसुद्धा आजी वाटून द्यायची.

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला ते. १३८ कार्डं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की पंचवीस वर्षांत या दोन घरांमध्ये कुणी मेलेलंच नाही. एकही कार्ड मृत्यूचं नाही. आणि ते शक्यच नव्हतं, कारण आजीची आई ती तरुण असतानाच गेली, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तारीख मात्र कुणाला माहीत नव्हती.

याचं कारण साधं आहे. मृत्यूचं कार्ड तारेवर लागत नसे. त्याच्या माथ्यावर 'श्री' नसे. आमच्या शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या घरांत अशा कार्डाचा कोपरा फाडून पाठवत, पुढे लष्करातली मराठी घरंही तसं करू लागली. डाकियाच दुरून हात वर करून सांगे. कार्ड दाराबाहेर वाचायचं, तिथेच फाडायचं, आणि ऐकणाऱ्यानं अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करायचं. म्हणजे खुशालीची तार हा निवडलेला संग्रह असतो. तिच्यावर फक्त बऱ्या बातम्या राहतात. ज्यांच्याकडे अशा तारा आहेत त्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं, नाहीतर घराचा इतिहास फारच सुखाचा निघतो.

मग शोधायचं ते जे नाही ते. मी कार्डांच्या शेवटच्या ओळी एकाखाली एक लिहून काढल्या. १९२६पासून प्रत्येक कार्डात आजीच्या वाट्याच्या ओळींत 'तुझे मातोश्रीचा आशीर्वाद' आहे. शके १८५५ आषाढ वद्य १३च्या कार्डातही आहे. वाईचा शिक्का २० जुलै १९३३, लष्करचा २४ जुलै. त्यात तिच्या अंगात कसर असते, काढा चालू आहे, असंही लिहिलेलं. पुढचं कार्ड एकदम मार्गशीर्षातलं. तिथे 'घरच्या मंडळींचा आशीर्वाद'. त्यानंतर मातोश्री पुन्हा कधीच नाही.

कुपनांनी यावर शिक्का मारला. १९२७ ते १९५० अशी चोवीस भाऊबिजा, कुपनं तेवीस. जे नाही ते १९३३चं. वर्षाच्या आत घरात सण नाही, म्हणून ओवाळणी नाही.

तिथी सापडली ती पुढच्या वर्षीच्या एका कार्डातून. वडिलांनी व्याह्यांना कळवलं होतं की वर्षश्राद्ध श्रावण वद्य १०ला आहे. इथे मी पुन्हा चुकलो, आणि ही चूक आपल्याकडच्या कुणाचीही होऊ शकते म्हणून सविस्तर सांगतो. मी जन्मलो-वाढलो ते ग्वाल्हेरच्या हिंदी पंचांगात. आपल्या उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, दक्षिणेत अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात उत्तरेचा महिना एक नाव पुढे असतो. कृष्णजन्माचं उदाहरण घ्या. मराठी पंचांगात ती श्रावण वद्य अष्टमी, आणि त्याच दिवसाला आमचे शेजारी भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात. दिवस एकच. मी मात्र श्रावण वद्य दशमी हिंदी पंचांगाप्रमाणे लावली आणि तारीख काढली १७ जुलैच्या आसपासची. नोंद करून मोकळाही झालो. मग रात्री आठवलं की २० जुलैच्या शिक्क्याच्या कार्डात आई आशीर्वाद देते आहे.

वाईचे वडील अर्थातच मराठी पंचांग लावत होते. श्रावण वद्य दशमी म्हणजे गोकुळअष्टमीनंतर दोन दिवसांनी, १९३३च्या ऑगस्टच्या मध्यावर. शके आणि संवत यांचाही असाच घोळ होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९), शकात १३५ मिळवले की विक्रम संवत. लष्करातल्या एकाच घरात वाण्याची वही संवतात, सरकारी कागद इसवी सनात आणि माहेरचं कार्ड शकात असे. त्यामुळे आधी कुणी लिहिलं ते बघा, मग पंचांग उघडा.

तारीख मिळाल्यावर मी आत्याला सांगायला गेलो. ती नव्वदीच्या पुढची आहे, तेव्हा ती तीन वर्षांची होती, तिला स्वतःला काही आठवत नाही. पण आजीनं तिला सांगितलेलं होतं. श्रावणातला दिवस. डाकिया आला आणि ओट्यावरूनच गेला. सासरे आत आले ते काही बोलले नाहीत. त्यांनी सांगितलं, आज सुनेला आधी वाढा. आजी एवढ्या वर्षांत कधी पहिल्या पंगतीला बसली नव्हती. बायकांचं पान शेवटी, तेही सुनेचं सगळ्यांत शेवटी. ती पाटावर बसली, सासूनं समोर उभं राहून वाढलं, "अजून एक पोळी घे" म्हणाली. सुतक कळल्यापासून लागतं. एकदा सांगितलं की त्या दिवशी ती जेवणार नाही, म्हणून कार्ड सासऱ्यांच्या खिशात होतं. "आई म्हणायची," आत्या म्हणाली, "पहिला घास घेतला तेव्हाच कळलं. पण कोण गेलं ते विचारायचं धाडस झालं नाही. सगळं पान संपवलं." मग तिला अंगणात नेऊन सांगितलं. डोक्यावरून पाणी घेतलं, तीन दिवस बाजूला बसली. लग्न झालेल्या मुलीला आईबापांचं सुतक तेवढंच.

तार का केली नाही, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, करून काय? दोन रात्रींचा प्रवास, सोबत कोण जाणार, पोचेपर्यंत चौथा-पाचवा दिवस. आणि तार दारात आली की ती उघडायच्या आधीच घर रडायला लागायचं. कार्डानं निदान जेवायला वेळ दिला.

यानंतरची हकिकत लवकर सांगता येते. २ ऑक्टोबर १९५०ला पोस्टानं निळं आंतर्देशीय पत्र काढलं. पाकिटापेक्षा स्वस्त आणि दुमडून चिकटवायचं. या घडीपत्रानं बायकांच्या पत्रव्यवहारात काय केलं, यावर खरं तर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं. कार्ड चौकात वाचलं जाई, हे माजघरात उघडता येऊ लागलं. तारेवर मात्र ते नीट बसत नाही, घड्या पडतात, म्हणून ती ट्रंकेत, उशीखाली, पोथीच्या पुठ्ठ्यात जाऊन बसली आणि तारेचं युग संपलं. आमच्या तारेवरचं शेवटचं कार्ड १९५१च्या सुरुवातीचं आहे. पुढे ट्रंककॉल आले, नंबर लावून तास-तास बसायचं. मग घरोघर फोन आले. १५ जुलै २०१३ला तारखातंही बंद झालं. त्यावर लेख पुष्कळ झाले आहेत.

वाईच्या त्या अकरा कार्डांबरोबर एक घडीपत्रही आलं होतं. मी ते बरेच दिवस उघडलं नव्हतं, कारण बाहेरून अक्षर लहान मुलाचं वाटत होतं. शिक्का लष्करचा, १९५१चा. आत आजीचं अक्षर आहे. मुलांच्या पाटीवर ती बाळबोध लिहायला शिकली होती, एकोणचाळिसाव्या वर्षी. मायना नाही, तो तिला येतच नव्हता. दादास, एवढंच. मग मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत सहा ओळी. इथे सगळे बरे आहेत, ता. आज. वहिनीला संधिवातावर तेल पाठवते. आणि त्याखाली, आई गेली तेव्हा जवळ कोण होतं ते कळव, मला कुणी सांगितलं नाही.

भावानं उत्तर दिलं असणार. आमच्याकडे ते नाही. वाईच्या घरी माळ्यावर आणखी एक ट्रंक आहे, असं तिथली मंडळी म्हणतात. तिच्या कडीचं कुलूप गंजलंय. पावसाळा संपला की जाणार आहे.